टायफॉइडच्या लशीतली साखर: शुद्धीकरणाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बडोद्यात मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून लशींच्या कामाकडे वळणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. ज्या पदार्थासाठी एवढा खटाटोप चालू असतो, तो प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्राला दिसतच नाही. प्रथिन २८० नॅनोमीटरला दिसतं, डीएनए २६० ला दिसतो. जिवाणूच्या कवचातली शर्करा मात्र या दोन्ही ठिकाणी जवळजवळ मुकी असते. म्हणजे स्क्रीनवर जो उंच डोंगर दिसतो तो मालाचा नसून कचऱ्याचा असतो. प्रथिनं शुद्ध करून आलेल्याला हे पचायला वेळ लागतो. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली की पुढचं काम निम्मं सोपं होतं, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

हा लेख टायफॉइडच्या लशीतल्या व्हीआय शर्करेबद्दल आहे. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी) या जिवाणूंच्या शर्करांची वाट थोडीफार अशीच जाते. जिथे वेगळी वळते तिथे सांगेन. आकडे नेहमीच्या पद्धतीतले आहेत. तुमच्या प्रयोगशाळेतल्या लेखी कार्यपद्धतीत वेगळं असेल तर तेच पाळायचं.

व्हीआय म्हणजे काय, आणि जपायचं काय

१९३४ साली फेलिक्स आणि पिट यांनी टायफॉइडच्या जिवाणूवर हे कवच ओळखलं. रोगकारकतेशी, म्हणजे व्हिरुलन्सशी, त्याचा संबंध असावा असं वाटल्याने नाव पडलं व्हीआय. रचना सोपी आहे: गॅलॅक्टोसामिन-युरॉनिक आम्लाचा एकच मणी पुन्हा पुन्हा ओवलेली लांबच लांब माळ. प्रत्येक मण्यावर एक कार्बॉक्सिल गट आहे, त्यामुळे अख्खी माळ ऋणभारित. आणि तिसऱ्या कार्बनवर, बहुतेक मण्यांवर, एक अ‍ॅसिटिल गट बसलेला.

तो अ‍ॅसिटिल गट हाच या कामाचा जीव. १९५० च्या दशकात व्हीआय काढण्याची जी पद्धत होती, तीत आम्ल आणि उष्णता वापरली जाई. शर्करा हाती यायची, स्वच्छही असायची, पण अ‍ॅसिटिल गट उडून गेलेले असायचे आणि माळही तुटलेली. ती टोचलेल्या स्वयंसेवकांना संरक्षण मिळालं नाही, आणि व्हीआयचा लशीसाठी उपयोग नाही असा समज बरीच वर्षं राहिला. पुढे सीटॅबसारख्या सौम्य रसायनाने, उष्णतेशिवाय शर्करा वेगळी करायची पद्धत आली. जॉन रॉबिन्स यांच्या गटाने त्या व्हीआयचा पाठपुरावा केला, आणि नेपाळमध्ये सुमारे सात हजार लोकांवर झालेल्या चाचणीत तिने जवळजवळ तीन चतुर्थांश संरक्षण दिलं. त्या चाचणीचा अहवाल १९८७ चा. शर्करा तीच होती, फरक होता शुद्ध करणाऱ्यांच्या हातात. मला हे काम मोलाचं वाटतं त्याचं कारण हेच.

म्हणून प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न विचारायचे. इथे कोणता कचरा निघून गेला? आणि माझ्या माळेची लांबी व अ‍ॅसिटिल जसेच्या तसे राहिले का? नवी मुलं पहिल्या प्रश्नात गुंततात आणि दुसरा विसरतात.

हातात येतं ते काय

फर्मेंटरकडून तुमच्याकडे येणारा ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवलेलं द्रव, मारलेला असतो, साधारणपणे फॉर्मॅल्डिहाइडने. वापरलेला जिवाणू टायफॉइडचा असतो, उदाहरणार्थ टीवाय-२ वाण, किंवा सिट्रोबॅक्टरचा असा वाण ज्याच्या कवचातही हीच व्हीआय असते. जिवंत जिवाणूंचा विभाग वेगळा, त्याची माणसं वेगळी. सगळे जिवाणू मेल्याचा चाचणीचा कागद सहीनिशी हातात आल्याशिवाय पिंपाचं झाकण उघडायचं नाही. घाई आहे म्हणून कोणी वरिष्ठ सांगत असले तरी नाही.

ब्रॉथमध्ये काय काय असतं याची यादी मनात हवी: मेलेले जिवाणू, माध्यमातले क्षार आणि पेप्टाइडं, प्रथिनं, डीएनए-आरएनए, या जिवाणूच्या बाह्य आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड म्हणजे एंडोटॉक्सिन, रंगद्रव्यं, फॉर्मॅल्डिहाइड. यातल्या प्रत्येकाला घालवण्याची जागा वेगळी आहे.

पहिलं काम सेंट्रिफ्यूज. जिवाणू खाली बसले की वरचं द्रव डेप्थ फिल्टरमधून आणि मग ०.४५ किंवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं. यात फार सांगण्यासारखं नाही. फिल्टर लवकर तुंबू लागला तर सेंट्रिफ्यूज नीट झालं नाही एवढं समजायचं.

टीएफएफ (पडद्याला समांतर प्रवाह ठेवून गाळणं): दाटवणं आणि धुणं

व्हीआयची माळ प्रचंड मोठी, हजारो किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं एकक). त्यामुळे १०० किंवा ३०० किलोडाल्टनच्या पडद्यावर ती अडते आणि क्षार, पेप्टाइडं, छोटी प्रथिनं, फॉर्मॅल्डिहाइड पडद्यापार निघून जातात. आधी दहापट दाटवायचं, मग घनफळ स्थिर ठेवून धुवायचं. धुण्याचा हिशेब लक्षात ठेवा: सात घनफळं पाणी फिरवलं की पडद्यातून सहज जाणाऱ्या पदार्थाचा साधारण ०.१ टक्का मागे राहतो. दहा घनफळांनी ०.००५ टक्का. पहिली काही घनफळं मिठाच्या, म्हणजे एक मोलर सोडियम क्लोराइडच्या द्रावणाने फिरवतात. शर्करेला चिकटून बसलेली प्रथिनं त्यामुळे सुटतात. पण शेवटची घनफळं साध्या शुद्ध पाण्याचीच हवीत. का, ते पुढच्या पायरीत येतं.

दोन गोष्टी इथे बिघडतात. एक, दाटपणा. व्हीआयचं द्रावण दाट झालं की कपड्यांच्या खळीसारखं चिकट होतं, पडद्यावर दाब चढतो आणि प्रवाह मंदावतो. तेव्हा पंप जोरात चालवून दामटायचं नाही. थोडं पाणी घालून पातळ करायचं, वेळ लागू द्यायचा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पडदा सोडियम हायड्रॉक्साइडने धुतात आणि त्यातच भरून ठेवतात. पुढच्या वेळी तो नीट धुतला गेला नाही तर उरलेला अल्कली तुमच्या मालात येतो, आणि अल्कलीने अ‍ॅसिटिल गट निघतात. कुठलाही अ‍ॅलार्म वाजत नाही, द्रावण गढूळ होत नाही, रंग बदलत नाही. तीन आठवड्यांनी चाचणीचा आकडा येतो तेव्हा कळतं. म्हणून माल चढवण्याआधी पडद्यातून निघणाऱ्या पाण्याचा पीएच स्वतः मोजा, वहीत लिहा, आणि तो पाण्याच्या पीएचवर आल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नका.

सीटॅब: दूध फाटावं तसं

सीटॅब हा धनभारित साबण. ऋणभारित व्हीआय त्याला भेटली की दोघं मिळून पाण्यात न विरघळणारं जाळं बनतं. पाच टक्क्यांचं सीटॅब घ्या. चार लिटर मालात एक लिटर हळूहळू, ढवळत घातलं की शेवटी एक टक्का होतं. पहिल्या काही मिलीलिटरना काहीच होत नाही. मग दुधाळ छटा येते, आणि एका क्षणी, लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तशा पांढऱ्या गाठी वेगळ्या होऊन मधलं पाणी नितळ दिसू लागतं. तो क्षण ओळखायला शिका. ढवळणं मंद ठेवा, फेस येऊ देऊ नका.

इथे मीठ असेल तर हे जाळं बनतच नाही, कारण मिठाचे आयन मध्ये घुसतात. मघाशी शेवटी साध्या पाण्याने धुवायला सांगितलं ते यासाठी.

आणि ही पायरी फक्त ऋणभारित शर्करांची. न्यूमोकॉकसचे ७एफ आणि १४ हे प्रकार भाररहित आहेत. सीटॅब घातलं तर त्यांच्या बाबतीत कचराच खाली बसतो आणि शर्करा वर राहते. त्या कामावर बदली झाली की पहिल्या दिवशीच कोणता प्रकार आहे ते विचारा.

आता माझ्या हातून झालेलं सांगते, कारण ते बडोद्यातच घडू शकतं असं मला वाटतं. मी शिकाऊ होते, जानेवारी होता. आपल्याकडे उन्हाळा बेचाळीस अंशांचा, म्हणून थंडीची कोणी पर्वा करत नाही. पण जानेवारीतल्या रात्री बंद प्रयोगशाळा चांगलीच गार पडते. सीटॅबला साधारण २५ अंशांखाली पाण्यात राहायला आवडत नाही, ते स्फटिक होऊन तळाशी बसतं. मी सकाळी बाटली उचलली, वरचं नितळ द्रावण मोजून मालात ओतलं. तळाला पांढरा थर होता, तो मी पाहिला आणि जुना डाग समजले. मालात गाठी आल्या, थोड्याच आल्या. सेंट्रिफ्यूज केलं, पेलेट म्हणजे तळाशी बसलेला गोळा ठेवला, वरचं द्रव टाकीत ओतून दिलं. बहुतेक सगळी व्हीआय त्या द्रवात होती. फर्मेंटरवाल्यांचे, सेंट्रिफ्यूजवाल्यांचे आणि माझे मिळून दहा दिवस टाकीत गेले. आमच्या बाई ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, बाटली हातात घेऊन उजेडात धरायची असते." तेव्हापासून मी सीटॅबची बाटली ३५ अंशांच्या पाण्यात ठेवून, पूर्ण विरघळवून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय वापरलेली नाही.

दुसरी सवयही त्याच दिवसाची. कुठलंही वरचं द्रव, कुठलाही पेलेट, चाचणीचा निकाल येईपर्यंत फेकायचा नाही. पिशवीला चिठ्ठी लावायची, तारीख घालायची, शीतखोलीत ठेवायची. सीटॅबच्या पायरीपुरती एक झटपट तपासणीही आहे: वरच्या द्रवातलं पाच मिली नळीत घ्या, त्यात कोमट सीटॅबचे दोन थेंब टाका. गढूळ झालं तर व्हीआय अजून वर आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

इथेनॉल, आणि गुजरातेतली नोंदवही

सीटॅबने बरीच प्रथिनं वर राहिली, पण डीएनए खाली आला, कारण तोही ऋणभारित. त्याला वेगळं करायचं इथेनॉलने, दोन टप्प्यांत.

पेलेट पाण्याने धुवून एक मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये विरघळवायचा. तिथे सीटॅबची पकड सुटते. कोरडं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात घातलं की द्रावण तापतं, म्हणून ते आदल्या दिवशी करून गार ठेवा. आणि या भागात फॉस्फेट बफर आणू नका. कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका बसेल आणि तुम्ही त्याला डीएनए समजाल.

मग गार द्रावणात इथेनॉल घालून २५ टक्क्यांवर न्यायचं. कॅल्शियमच्या सोबतीने न्यूक्लिक आम्लं इथेच खाली येतात, शर्करा वर राहते. हा पेलेट कचरा, वरचं द्रव माल. त्या द्रवात आणखी इथेनॉल घालून ७५ टक्क्यांवर नेलं की व्हीआय खाली येते आणि सीटॅब इथेनॉलमध्ये विरघळून वर राहतं. आता हा पेलेट माल, वरचं द्रव कचरा. दोन तासांत उलटापालट होते, आणि नेमकी इथेच नव्या माणसाची गल्लत होते. नळ्यांच्या स्टँडवर मोठ्या अक्षरांत 'ठेवा' आणि 'वेगळं' अशा चिठ्ठ्या लावा. यात लाजण्यासारखं काही नाही, मी अजून लावते.

टक्केवारीचा हिशेबही बघा. ड्रममधलं इथेनॉल ९५ टक्के असेल तर एक लिटर द्रावण २५ टक्क्यांवर न्यायला सुमारे ३६० मिली लागतं. तिथून ७५ वर न्यायला आणखी जवळजवळ ३.४ लिटर, एकूण पावणेचार. "एकाला तीन" असा ढोबळ हिशेब केला तर ७१ टक्क्यांवरच थांबाल आणि छोट्या माळा वर राहून जातील.

दुसरा टप्पा पाहण्यासारखा असतो. एकतारी पाक बोटात धरून ओढावा तसे पांढरे तंतू ढवळणीभोवती गुंडाळले जातात. १९४४ साली एव्हरी, मॅकलिओड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोकॉकसमधून डीएनए काढला तेव्हा तोही असाच अल्कोहोलमध्ये कांडीभोवती तंतूंनी गुंडाळला गेला होता. त्यांना कवचाची साखर घालवून डीएनए हवा होता. आपल्याला डीएनए घालवून साखर हवी. म्हणून तंतू दिसले म्हणजे माल आला असं धरून चालू नका. ते कोणाचे, हे २६० चा आकडा सांगेल.

गुजरातेत दारूबंदी आहे. इतर राज्यांतल्या मित्रांना ही अडचण कळत नाही, पण इथे इथेनॉल परवान्यावर येतं आणि लिटरालिटराचा हिशेब नोंदवहीत लागतो. किती आलं, कोणत्या बॅचला किती गेलं, किती उरलं, वापरलेलं कुठे साठवलं. सांडलं तर सांडलं असं लिहा. स्टोअरचे काका कटकट करतात असं वाटतं, पण नोंद जुळली नाही तर जाब त्यांना द्यावा लागतो. आणि वाफ: इथेनॉल १३ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, बडोद्याच्या मे महिन्यात तर काय बोलायचं. ज्वालारोधक मोटर, अर्थिंगची तार, दोन ते आठ अंशांतलं काम. यातलं एकही सोडायचं नाही.

एंडोटॉक्सिन

हा सगळ्यात चिवट. लायपोपॉलिसॅकराइडचे रेणू एकत्र येऊन मोठमोठे गोळे बनवतात, आकाराने व्हीआयएवढे. त्यामुळे टीएफएफमध्ये तेही पडद्याच्या वरच राहतात. उपाय असा की डीऑक्सिकोलेट हा साबण आणि धातूचे आयन पकडणारं ईडीटीए घालून गोळे फोडायचे. सुटे रेणू दहा-वीस किलोडाल्टनचे, १०० च्या पडद्यातून निघून जातात.

डीऑक्सिकोलेटचे दोन हट्ट आहेत. कॅल्शियम शिल्लक असेल तर ते घट्ट साका बनवतं, म्हणून आधी कॅल्शियम धुवून काढा. आणि पीएच सातखाली घसरू लागला की त्याची जेली होते, म्हणून पीएच साडेसात-आठच्या आसपास ठेवावा लागतो. पण तिकडे अ‍ॅसिटिलला अल्कली नको असतो. या दोघांमध्ये जागा अरुंद आहे: गार ठेवा, वेळ कमी ठेवा, आणि ते धुऊन झालं की पीएच सातवर किंवा किंचित खाली आणा. या पायरीच्या आधीचा आणि नंतरचा नमुना अ‍ॅसिटिलच्या चाचणीसाठी नक्की ठेवा.

जुन्या पद्धतीत प्रथिनं घालवायला थंड फिनॉल वापरत. काही ठिकाणी अजून वापरतात. तुमच्या वाट्याला आलं तर एवढं ध्यानात ठेवा: फिनॉल कातडी बधिर करतं, भाजलेलं लवकर कळत नाही. हातमोजे दुहेरी, आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची बाटली हाताशी.

सुकवणं आणि तपासणं

शेवटी शुद्ध पाण्यात फिरवून, ०.२ मायक्रॉनमधून गाळून, पुन्हा इथेनॉलने खाली आणून, इथेनॉल आणि अ‍ॅसिटोनने धुवून, निर्वातात सुकवतात. गरम करून नाही. पांढरी, हलकी भुकटी मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत व्हीआयच्या दर ग्रॅममागे प्रथिन १० मिलिग्रॅमपर्यंत, न्यूक्लिक आम्ल २० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि अ‍ॅसिटिल किमान २ मिलिमोल लागतं. अ‍ॅसिटिल पूर्ण भरलेलं असेल तर आकडा साडेतीनच्या आसपास जातो. माळेची लांबी सेफारोजच्या, म्हणजे आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या, स्तंभावर बघतात.

न्यूक्लिक आम्लाचा अंदाज तुम्ही उभ्या उभ्या घेऊ शकता. एक मिलिग्रॅम प्रति मिली द्रावण करा, २६० ला वाचा. डीएनएचं ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे एक शोषणांक, म्हणून ०.४ च्या वर गेलं तर मर्यादा ओलांडली असं समजा. फिनॉल वापरलं असेल तर आधी २७० कडे बघा, त्याचा अवशेष तिथे डोकं वर काढतो आणि २६० चा आकडा फुगवतो.

अ‍ॅसिटिलची हेस्ट्रिनची चाचणी हाताने शिका, यंत्रावर सोपवू नका. अल्कधर्मी हायड्रॉक्सिलअमिनने अ‍ॅसिटिल सुटतं, मग आम्ल आणि फेरिक क्लोराइड घातलं की तपकिरी-जांभळा रंग येतो, तो ५४० ला वाचतात. कोऱ्या नळीत आम्ल आधी घालायचं आणि हायड्रॉक्सिलअमिन नंतर. क्रम चुकला तर कोरी नळीही रंगते आणि तुमचा चांगला माल कागदावर नापास होतो.

वजनाचं एक राहिलं. ही भुकटी हवेतलं पाणी ओढते. जुलैत, विश्वामित्री नदी भरून वाहत असते तेव्हा, तराजूवर भुकटी ठेवून आकड्याकडे बघत राहा. शेवटचा अंक तुमच्या डोळ्यांदेखत वर चढत जातो. शंभर मिलिग्रॅम म्हणून जे घेतलं त्यात पाणी किती हे माहीत नसेल तर प्रथिन, डीएनए, अ‍ॅसिटिल हे सगळेच आकडे खोटे निघतात, आणि अ‍ॅसिटिल विनाकारण कमी दिसतं. कार्ल फिशर चाचणीने पाणी मोजा आणि कोरड्या वजनावर हिशेब मांडा. एका डोसात व्हीआय २५ मायक्रोग्रॅमच असते, नुसत्या व्हीआयच्या लशीत आणि धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निर्विष केलेल्या विषाला) जोडलेल्या लशीतही. पहिली दोन वर्षांपुढच्यांनाच देतात. जोडलेली मात्र सहा महिन्यांच्या बाळालाही चालते. शर्करा आणि टॉक्सॉइड यांचं प्रमाण ठरवताना तुमच्या या वजनावर जोडणीवाले डोळे झाकून विश्वास ठेवणार आहेत.

भुकटी उणे २० अंशांवर ठेवायची, एकाच मोठ्या बाटलीत नाही. एका वापरापुरत्या छोट्या बाटल्या भरा, प्रत्येकीवर बॅच क्रमांक, सुकवल्याची तारीख आणि पाण्याची टक्केवारी लिहा. काढाल तेव्हा बंद बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण फिरवा. थंड बाटली उघडली तर आत दव पडतं.